ट्रंकेवरचा पत्ता

१

सिफ्नोस बेटावर, कामारेस बंदराला लागून, कुंभारांची तीन-चार घरं अजून टिकून होती. त्यांतलं कडेचं याकोवोस देपास्तासचं. सकाळी सहाला बिनसाखरेची कॉफी, की लगेच चाक. चाकाची घरघर सुरू झाली की त्याची बायको मोस्खा कांदा चिरायला घ्यायची, आणि घरघर थांबली की पानं मांडायची. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल दोघं कधी फार बोलली नाहीत. याकोवोस तसाही मोजकं बोलणारा माणूस.

त्या वर्षी उन्हाळ्यात कपांचे कान वाकडे यायला लागले.

"हे काय?" मोस्खा एक कप उचलून म्हणाली. "कपाला कान लावलायस की गाढवाला?"

"बेटावर गाढवं कमी झालीत. असू दे एखादं."

"चेष्टा पुरे. उजव्या डोळ्यावर साय धरलीय तुझ्या. मला इथून दिसतेय."

बेटावरच्या डॉक्टरणीनं मोतीबिंदू सांगितला आणि अथेन्सच्या डोळ्यांच्या दवाखान्याला चिठ्ठी दिली. ऑक्टोबरातला एक मंगळवार ठरला. सकाळच्या बोटीनं जायचं, संध्याकाळच्या बोटीनं परत. मोस्खाला अथेन्स म्हटलं की कपाळात कळ यायची, पण एका डोळ्यानं चालणाऱ्या माणसाला एकटं कसं सोडायचं? डॉक्टरकडे रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून तिनं आदल्या दिवशी मध घालून पनीरची वडी भाजली, डब्यात भरली आणि डबा फडक्यात बांधला.

लष्करातले दिवस सोडले तर याकोवोस आजवर दोनदाच अथेन्सला गेला होता. दोन्ही वेळा मोस्खा बरोबर होती, दोन्ही वेळा कुणाच्या तरी मयताला. बंदरातून टॅक्सीनं थेट दफनभूमी आणि तिथून परत बंदर. म्हणून पिरेअसच्या बंदरात उतरल्यावर मोस्खा वाट विचारायला एका पोलिसाकडे वळली. विचारून मागं बघते तर याकोवोस केव्हाच रस्ता ओलांडून स्टेशनच्या दारात उभा.

"चल, गाडी लागलीय," तो म्हणाला. अंगणातून जेवायला हाक मारावी, तसं.

गाडीत तिला बसायला जागा मिळाली. त्यांचं स्टेशन यायच्या आधीच तो उठला आणि डाव्या हाताच्या दाराशी जाऊन उभा राहिला. तोवरच्या चार स्टेशनांत फलाट उजवीकडे आला होता. या स्टेशनात तो डावीकडे आला.

नशीब, असं मोस्खाला वाटलं. एवढंच वाटलं.

२

दवाखान्यात खिडकीमागची मुलगी तीळ लावलेलं पावाचं कडं मोडून खात होती. एका हातानं खात, दुसऱ्यानं ती कॉम्प्युटरच्या कळा दाबत होती.

"नाव सांगा, काका."

"देपास्तास. याकोवोस."

"वडिलांचं?"

"फ्रांगुलिस."

"आईचं?"

"झांबेटा."

"आहात की तुम्ही." मुलीनं ओठावरचे तीळ पुसले. "मार्चमध्ये येऊन गेलात. पत्ता तोच ना?" आणि तिनं वाचून दाखवला. किप्सेली भागातली एक गल्ली, बावीस नंबरची इमारत, तिसरा मजला.

मोस्खानं तोंड उघडलं. मुलीची चूक झालीय, हे सांगायलाच.

"हो," याकोवोस म्हणाला. "तोच."

मुलीनं कागद छापून हातात दिला. दोघं भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसली. मोस्खानं डबा मांडीवर घेतला.

"हो काय म्हणालास? आपण कामारेसला राहतो."

"तिला कुठं समजावत बसायचं. मागं रांग होती."

मागं एकच म्हातारा होता आणि तो खुर्चीत झोपला होता. मोस्खानं मनाशी हिशेब मांडला. बेटावर दर दुसऱ्या घरात आजोबाचं नाव नातवाला ठेवतात; एका आजोबाची चार नातवंडं एकाच नावानं हिंडत असतात. देपास्तास घराण्यातले किती तरी जण पोटासाठी अथेन्सला आले. असेल एखादा याकोवोस, फ्रांगुलिसचाच. आता आईचं नाव झांबेटा कसं, हा प्रश्न उरतो. अख्ख्या बेटावर तिची सासू सोडून दुसरी झांबेटा तिनं पाहिली नव्हती. पण जगात काय एकच झांबेटा असते?

हिशेब जुळला. तरी 'हो' म्हणताना त्याचा आवाज कसा होता, ते तिच्या कानातून जाईना. खोटं बोलणाऱ्याचा आवाज तिला ओळखू आला असता. हा तसा नव्हता.

३

डॉक्टर तरुण होता, बोलका होता. त्यानं डबा घेतला, वास घेऊन "वा" म्हणाला, मग याकोवोसची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवली आणि दिवा बारीक केला. खोलीत अंधार झाला. यंत्राचा मंद आवाज तेवढा येत होता.

"डावा छान झालाय हं," तो म्हणाला. "भिंग अगदी जागेवर. आता उजवा उरकून टाकू."

"डाव्याचं काहीच झालेलं नाही, डॉक्टर," मोस्खा म्हणाली. "त्याचा डावा मुळातच चांगला आहे."

तिला वाटलं, आता हा फाईल बघेल आणि कपाळाला हात लावेल. त्यानं फाईलकडे पाहिलंच नाही. तो पुन्हा भिंगाला डोळा लावून याकोवोसच्या डोळ्यात बघू लागला. बराच वेळ बघत होता.

"झालंय हो, काकू. कडा चमकतेय की इथं. या, बघायचंय तुम्हाला?"

"नको," मोस्खा म्हणाली.

नको का म्हणाली, ते तिला नंतरही सांगता आलं नसतं.

पुढच्या बुधवारची तारीख मिळाली. "त्या दिवशी सोबत कुणीतरी हवं," डॉक्टर चिठ्ठीवर लिहिता लिहिता म्हणाला. "मागच्या वेळेसारखंच. पट्टी बांधल्यावर एकट्यानं जिना चढायचा नाही."

"आहे सोबत," याकोवोस म्हणाला.

बाहेर येईपर्यंत मोस्खा मार्च महिना उलगडत होती. मार्चमध्ये भट्टी दोनदा लागली. पहिल्या आठवड्यात तिला ताप आला, तेव्हा यानं सूप केलं आणि त्यात मीठ दोनदा टाकलं. पंचवीस तारखेला स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत निशाण यानंच धरलं होतं. वारा सुटला म्हणून सहा दिवस बोटी बंद होत्या. एक रात्रही तो तिच्या शेजारी नव्हता असं नाही. माणूस कामारेसला झोपतो आणि अथेन्सला डोळा कापून घेतो, असं होत नाही. झालं तर डोळ्यावर पट्टी दिसली असती. दुखलं असतं. तिला कळलं असतं.

डॉक्टर कोवळा आहे, तिनं ठरवलं. शिकेल.

४

दीड वाजला होता. बोट साडेपाचची. मोस्खाचं म्हणणं होतं की सरळ बंदरावर जाऊन बसावं, तिथं निदान समुद्र तरी दिसतो. याकोवोस म्हणाला, "जरा इकडून जाऊ."

"इकडं काय आहे?"

"जवळच आहे."

दुकानांच्या फळ्या खाली येत होत्या. दुपारच्या झोपेची वेळ. बाल्कन्यांवरच्या कापडी छपरांमुळे सगळी गल्ली हिरवट सावलीत बुडाली होती. पदपथावर कडू संत्र्यांची झाडं. गळलेली फळं कुणीतरी पायानं कडेला सारलेली. याकोवोस पुढं, मोस्खा दोन पावलं मागं. उजव्या डोळ्यानं दिसत नसल्यामुळे गेलं वर्षभर तो घरातल्या उंबऱ्यालाही ठेचकाळायचा. इथं पदपथ जागोजागी उखडलेला, झाडांच्या मुळांनी फरशा वर आलेल्या, आणि तो एकदाही अडखळला नाही.

"पत्ता आठवला का तुला?" तो न थांबता म्हणाला.

"कुठला?"

"तिनं वाचला तो. ट्रंकेवर रंगवला होता मी."

आणि मोस्खाला आठवलं. चाळीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं, ते आता सगळं एकदम आठवलं. लग्नानंतरचा सप्टेंबर. याच्या मामानं अथेन्सच्या फरशीच्या कारखान्यात काम लावून दिलं होतं, किप्सेलीत दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. सामान बांधलं. यानं कपांवर नक्षी काढायच्या कुंचल्यानं ट्रंकेच्या झाकणावर पत्ता घातला, निळ्या रंगात. बोट लागली, दोर टाकले, माणसं चढली. मोस्खा धक्क्यावर त्या ट्रंकेवर बसली ती बसलीच. रडली नाही, भांडली नाही. "मी नाही यायची," एवढंच म्हणाली. बोटीनं भोंगा दिला आणि ती गेली. यानं ट्रंक खांद्यावर घेतली आणि घरचा चढ चढला. दुसऱ्या दिवशी सहाला चाक सुरू. त्यावर एक अक्षर नाही, त्या दिवशी नाही आणि पुढंही कधी नाही.

म्हणजे उलगडा झाला, मोस्खाच्या मनानं घाईघाईनं म्हटलं. तेव्हा कुठल्या तरी कागदावर हा पत्ता दिला असेल आणि तो सरकारी दप्तरात तसाच पडून राहिला असेल. दप्तरं काही विसरत नाहीत. हा बिचारा जुनं घर एकदा बघून घेतोय, इतकंच. दयाच आली तिला त्याची.

कोपऱ्यावर एक बेकरी अजून उघडी होती. याकोवोस दारात उभा राहायचा अवकाश, आतल्या जाड बाईनं मागच्या फळीवरून एक लांब पाव काढला आणि कागदात गुंडाळला. काळपट, खरपूस. याकोवोसच्या दाढा गेल्यापासून घरी मऊ पावाशिवाय चालत नसे.

"शेवटचा होता. ठेवला होता तुमच्यासाठी," बाई म्हणाली. मग तिनं त्याच्या खांद्यावरून मोस्खाकडे पाहिलं. "आज दोघंही? वा."

मोस्खा हसली. तिला वाटलं, गिऱ्हाइकाशी असंच बोलतात ही माणसं.

५

बावीस नंबरची इमारत पाच मजली, पिवळट. दाराला काच आणि काचेवर लोखंडी नक्षी. शेजारी बेलच्या बटणांची पाटी. तिसऱ्या मजल्यासमोरच्या कागदावर शाईनं लिहिलं होतं: देपास्तास.

मोस्खानं वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर तुळशीची कुंडी होती. कुंडीच्या काठावर अंगठा दाबून काढलेली वेलबुट्टी. तशी वेलबुट्टी सबंध बेटावर एकटा याकोवोस काढायचा. पण त्याच्या कुंड्या दरवर्षी ट्रकभर अथेन्सच्या बाजारात येत. कुणीही घेऊ शकतं.

याकोवोसनं दाराची मूठ धरली, दार किंचित वर उचललं आणि खालच्या कोपऱ्याला बुटाचं टोक मारलं. दार उघडलं.

आत गारवा होता. संगमरवराची फरशी, पितळी पत्रपेट्या, एक माणूस जेमतेम मावेल अशी लिफ्ट. त्यानं डोळा न वळवता भिंतीवरचं बटण दाबलं आणि जिन्यातला दिवा लागला.

"येतेस वर?"

"कुणाकडं?"

"ये तर."

"मी नाही यायची," मोस्खा म्हणाली, आणि म्हटल्यावर तिच्या जिभेला ते शब्द ओळखीचे लागले.

त्यानं मान डोलावली, रागावला नाही. पाव काखेत धरून लिफ्टमध्ये शिरला. लिफ्ट गुरगुरत वर गेली आणि थांबली. मोस्खा पत्रपेट्यांशी उभी राहिली. एक मिनिट गेलं असेल. खटकन आवाज झाला आणि जिन्यातला दिवा विझला. हे दिवे आपोआप विझतात, हे तिला माहीत होतं. तरी त्या हिरवट अंधारात तिच्यानं उभं राहवेना. रस्त्यावर जायला चार पावलं होती. ती वळली ती जिन्याकडे.

कठड्याला धरून चढली. पहिल्या मजल्यावर कुणाच्या तरी रेडिओवर हवामान सांगत होते. दुसऱ्यावर काही नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या वळणावर आली आणि तिथंच थांबली, कारण वास आला. तमालपत्र, कांदा, मातीच्या भांड्यात रात्रभर शिजलेले छोले. रविवारचा वास. बेटावर प्रत्येक घरात हे भांडं शनिवारी भट्टीत जातं आणि रविवारी निघतं. आज मंगळवार होता.

कठड्याच्या गजांतून वर बघता येत होतं. तिला याकोवोसचे बूट दिसले, पाठ दिसली. दार चार बोटं उघडलेलं, साखळी तशीच लावलेली. फटीतून पिवळा उजेड त्याच्या बुटांवर पडला होता. फटीतून एक हात बाहेर आला. बाईचा हात, बाही कोपरापर्यंत दुमडलेली. हातानं पाव घेतला, आत गेला. पावाचं टोक मोडल्याचा आवाज झाला. मग हात पुन्हा बाहेर आला आणि ते टोक याकोवोसच्या तोंडाशी धरलं. त्यानं ते खाल्लं. सावकाश, दाढा लावून.

"खाली थांबलीय?" आतून बाईनं विचारलं.

"हो."

"ये म्हणालास का तिला?"

"म्हणालो."

"नाही यायची ती." आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. आज वारा आहे, बोट नाही सुटायची, असं म्हणावं तसं. "मला माहितीय ना."

आवाज ओळखीचा होता. कुणाचा ते मोस्खाला आठवेना. नात्यातल्या बायकांचे सगळे आवाज तिनं त्या अर्ध्या क्षणात मनात फिरवून पाहिले, मेलेल्यांचेही. यांतला एकही नव्हता.

दार लागलं. फटीतला उजेड गेला. लिफ्टचा दरवाजा सरकला. मोस्खा अंधारात कठडा चाचपत खाली निघाली, आणि ती पहिल्या मजल्यावर पोचली असेल नसेल, तिच्या डोक्यावर जिन्यातला दिवा लागला. वर कुणीतरी बटण दाबलं होतं. तिला पायऱ्या दिसाव्यात म्हणून.

तिनं वर पाहिलं नाही.

रस्त्यावर संत्र्याच्या झाडाखाली ती दम घेत उभी असताना याकोवोस बाहेर आला. मिशीला पावाचा चुरा लागला होता.

"कोण राहतं तिथं?"

"पाव द्यायचा होता."

"कुणाला, याकोव?"

तो जरा गोंधळला. सोपा प्रश्न कुणी दोनदा विचारला की होतं तसं.

"घरात," तो म्हणाला. "चल, गाडी चुकेल."

६

बोटीत दोघं बाहेरच्या बाकावर बसली. ऊन उतरलं होतं, समुद्र तेलासारखा शांत होता. मोस्खाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाटत होती की ओरडावं, रडावं असं आपल्याला काही होत नाहीये. नवऱ्याचं दुसरं घर निघालं तर बाई काय करते, ते तिनं ऐकलं होतं, एक-दोघींचं पाहिलंही होतं. पण दुसरं घर करायला माणूस घराबाहेर तर पडायला हवा. तिनं चाळीस वर्षांच्या रात्री मोजल्या. भट्टीजवळ जागून काढलेल्या सोडल्या तर सगळ्या तिच्या होत्या. भट्टीजवळच्याही तिच्याच, पहाटे कॉफी तीच घेऊन जायची.

सुनिओनचं टोक मागं पडलं. याकोवोसनं खिशातून भोपळ्याच्या बिया काढल्या, तिच्या ओंजळीत निम्म्या घातल्या. नेहमीसारख्या.

त्या हाताकडे बघताना तिला वाटलं, आपण एक गोष्ट याला कधी विचारलीच नाही. त्या दिवशी धक्क्यावर विचारायला हवी होती.

"याकोव. तुला तिथं राहायचं होतं का रे?"

तो बी फोडत होता. टरफल त्यानं वाऱ्यावर सोडलं.

"राहिलोच की," तो म्हणाला.

मोस्खानं ओंजळीतल्या बिया तशाच धरल्या. राहिलोच की. म्हणजे तुझ्यापाशी राहिलो, मनात असूनही गेलो नाही, असंच ना? दुसरं काय असणार? चाळीस वर्षांत एवढं गोड तो कधी बोलला नव्हता. तिनं डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं. त्याच्या सदऱ्याला माती आणि घामाचा नेहमीचा वास होता, आणि त्याखाली अगदी किंचित तमालपत्राचा. जिन्यात वास होताच, तोच लागला असेल. ती तशीच पडून राहिली. बोटीच्या इंजिनाची घरघर खालून अंगात येत होती. तिला झोप लागली.

जागी झाली तेव्हा सांज सरली होती आणि कर्ण्यावर कामारेसची घोषणा चालली होती. माणसं गाड्यांच्या तळात उतरून मोठ्या लोखंडी दाराशी गर्दी करत होती. ही दोघंही जाऊन उभी राहिली. डिझेलचा वास, पिशव्या, कुणाची तरी कोंबडी पेटीत फडफडत होती. घर जवळ आलं की माणसाला धीर येतो. मोस्खालाही आला. कोवळा डॉक्टर, घाईतली मुलगी, जुन्या दप्तरातला जुना पत्ता, एखादी चुलतबहीण, जिला हा लाजून सांगत नाही. उद्या कॉफी पिताना नीट विचारू. सगळ्याला काहीतरी साधं उत्तर असतं.

"बुधवारी मी पण येते," ती म्हणाली. "सोबत कुणीतरी हवं म्हणाला ना डॉक्टर."

साखळ्या खडखडल्या. दार खाली जायला लागलं, फटीतून गार वारा आत आला. याकोवोस तिच्याकडे वळला. तिच्या शालीचं टोक खांद्यावरून घसरलं होतं, ते त्यानं हलक्या हातानं सारखं केलं.

"तू कशाला दगदग करतेस?" तो मायेनं म्हणाला. "तू तिथं आहेसच की."

दार धक्क्याला टेकलं. समोर बंदराचे दिवे लागले होते. माणसं पुढं सरकली, याकोवोसही पिशवी घेऊन त्यांच्यात मिसळला. मोस्खा होती तिथंच उभी राहिली. दोरखंड गुंडाळणारा खलाशी दोनदा तिच्याजवळून गेला, तिसऱ्यांदा थांबला.

"काकू, उतरायचंय ना? बोट पुढं जाते."

"हो," मोस्खा म्हणाली. "हेच माझं गाव."

जिन्यात ऐकलेलाच तो आवाज पुन्हा ऐकून तिनं झटकन मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.